डंकावरून आलेला आवाज

(दृश्य: जमिनीवर पसरलेलं वर्तमानपत्र, त्यावर लाल मिरच्यांचा ढीग. दोन हात. चेहरा दिसत नाही.)

हे हात काकूंचे आहेत. चेहरा दाखवायचा नाही, नाव घ्यायचं नाही, या अटीवर त्यांनी कॅमेरा घरात येऊ दिला. हात दाखवायला मात्र लगेच तयार झाल्या. फक्त म्हणाल्या, “थांब, नखं कापतो.”

उजव्या हाताची बोटं बघा, करंगळीच्या बाजूला झुकलेली. मिरचीचं देठ खुडायला अंगठा आणि तर्जनी यांची चिमट लागते, आणि काकूंची ती चिमट बसत नाही. म्हणून त्या मिरची उजव्या तळहाताखाली दाबून धरतात आणि डाव्या अंगठ्यानं देठ मागं मोडतात. एक झाली. आता दुसरी. एकूण चार किलो आहे, ब्याडगी आणि संकेश्वरी मिळून.

(दृश्य: हात थांबतात. बोटं उघडमीट करतात.)

आजाराचं नाव रुमेटॉइड आर्थ्रायटिस. लोक त्याला आमवात म्हणतात, संधिवात म्हणतात, आणि बऱ्याचदा ‘वय झालं’ एवढं म्हणून मोकळे होतात. वयाचा तसा फार संबंध नाही. गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. इथं शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं, पायांचे चवडे सुजतात. सकाळी उठल्यावर तासभर, कधी त्याहून जास्त वेळ, मूठच वळत नाही. पुरुषांपेक्षा बायकांना हा दुपटी-तिपटीनं जास्त होतो, आणि पुष्कळदा ऐन संसाराच्या वयात होतो.

मला झाला तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. आधी चिकुनगुन्या म्हणून औषधं झाली, मग कॅल्शियम झालं, मग एका ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं की घरातलं टेन्शन कमी करा. टेन्शन कमी करायला म्हणून मी सासरी आठ दिवस राहून आले. त्यावर जास्त बोलत नाही. वर्ष गेलं, तेव्हा कुठं रक्ताच्या दोन तपासण्या झाल्या आणि नाव कळलं.

त्याच वर्षी बोट इतकं सुजलं की लग्नातली अंगठी निघेना. साबण लावून झाला, दोरा गुंडाळून झाला. शेवटी गुजरीत एका सोनाराकडं गेले. त्यानं बारीक करवतीनं अंगठी कापून काढली आणि कागदाच्या पुडीत बांधून दिली. दुकानाला तीन उंच पायऱ्या आहेत. चढताना आधाराला काही नाही. त्या पायऱ्या पुढं या गोष्टीत येणार आहेत.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर सरकत जाणारे संदेश. नावं आणि नंबर पुसट केलेले.)

टाळेबंदीत कुणीतरी मला या आजाराच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. ॲडमिन नाशिकच्या. बाकी नागपूर, पुणे, डोंबिवली, एक ताई शारजातून. सगळे दुखणेकरी. तिथं गेल्यावर पहिल्यांदा मला ‘कसं वाटतंय आता’ असं कुणी विचारलं नाही. विचारलं, “तुमचा वार कोणता?”

वार म्हणजे गोळीचा वार. या आजारातली मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून ज्यानं त्यानं वार ठरवलेला आणि तो सगळ्यांना पाठ. माझा रविवार. एका काकूंचा बुधवार. त्यांनी त्याचं कारण एकदा लिहिलं होतं: मंगळवार-शुक्रवार देवीचे, रविवार जोतिबाचा, सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, उरला बुधवार. ते वाचून मी हसले होते. जोतिबाचा रविवार ऐकून तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही.

मग एप्रिल २०२१ मध्ये त्याच काकूंचा आवाज आला. एरवी त्या दोन शब्द लिहायच्या. त्या दिवशी बोटं चालत नव्हती, म्हणून बोलल्या.

(ध्वनी: मागं डंकाची, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्राची, लयीत पडणारी धप धप. त्यावर काकूंचा आवाज.)

“नमस्कार मंडळी. जेवलासा काय समदी? मी डंकावर आलोय. वर्साची चटणी कुटायची हाय, पर बोटं काय आज मिटंनात. कुणाला काय उपाव ठावं असला तर सांगा.”

ग्रुपवर गोंधळ उडाला. नागपूरच्या ताईंनी विचारलं, चटणी वर्षभर टिकते कशी, आणि ती कुटायला मशीन कशाला, खोबऱ्याची आहे का? पुण्याहून एकांनी विचारलं, हे काका आहेत का? आवाज बाईंचा वाटतोय, पण ‘आलोय’ म्हणतायत.

आणि इकडं कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या माझ्या स्वयंपाकघरात, मी फोन हातात धरून तशीच उभी.

चटणी म्हणजे आमच्याकडं तिखट. कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला घालून डंकावर कुटलेलं लाल तिखट. उन्हाळ्यात करायचं, बरणीत भरायचं आणि वर्षभर आमटीपासून मिसळीपर्यंत सगळ्यात घालायचं. आणि ‘मी आलोय’ म्हणणारी बाई, ‘जेवलासा’ म्हणणारी बाई, या जगात कुठली असते हे आम्हाला सांगावं लागत नाही. माझी आई तशीच बोलायची. मी कॉलेजात गेल्यावर ‘मी आलो’चं ‘मी आले’ करून घेतलं. ग्रुपवर तर मी अगदी छापील मराठी लिहायचे. मी कुठली आहे हे कुणाला कळलेलं नव्हतं.

यानंतर मी आनंदानं काकूंना फोन केला असेल, असं वाटेल. नाही केला. मला घाम फुटला.

(दृश्य: महाद्वार रोडची संध्याकाळची गर्दी, वरून टिपलेली.)

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची वस्ती साधारण साडेपाच लाख होती. ऐकायला मोठी वाटते. पण इथं कुणीही कुणालाही पहिला प्रश्न विचारतो तो ‘कुणाचा रं तू?’ त्याचं उत्तर दिलं की दोन मिनिटांत एकतर तुमच्या मामाचा मित्र निघतो, नाहीतर तुमच्या शेजारणीची जाऊ. मी त्या ग्रुपवर काय काय लिहून बसले होते! अंघोळीला नवऱ्याची मदत लागते हे लिहिलं होतं. सासूबाईंबद्दल लिहिलं होतं. रात्री दोन वाजता काय काय मनात येतं, तेही. गावातलं कुणी नाही म्हणून तर लिहिलं होतं. आणि आता गावातलंच माणूस निघालं, तेही डंकावर बसलेलं. डंकावर तर अख्ख्या पेठेच्या बातम्या कुटल्या जातात.

तीन दिवस मी ग्रुपवर गप्प होते. चौथ्या दिवशी कुणीतरी अंगठ्यांचा विषय काढला. काकूंचा पुन्हा आवाज: “माझी बी कापूनच काढली की गुजरीत. त्या दुकानाच्या पायऱ्या चढताना जीव गेला माझा. तीनच हायत, पर काय उंच!”

मग मात्र राहवलं नाही. मी त्यांना एकटीला लिहिलं, “काकू, आत शिरल्यावर डाव्या हाताला गणपतीचा फोटो?”

उत्तराला पाच मिनिटं लागली. “आगं बया. कुठल्या पेठेतली तू?”

काकूंचं घर शुक्रवार पेठेत, नदीकडच्या अंगाला. माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं. आमचे पाय धड असते तर वीस. वर्षभर आम्ही एकमेकींना नाशिकमार्गे ‘काळजी घ्या’ सांगत होतो.

आमची ही ओळख निघाल्याचं कौतुक ग्रुपवर झालं. कुणीतरी हौसेनं विचारलं, “अजून कोण कोण आहे कोल्हापूरचं?” कुणी हात वर केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक नंबर ग्रुपमधून निघून गेलेला दिसला. फारसं न बोलणारा मुलगा होता. एकदाच मोठं लिहिलं होतं त्यानं: पहाटे पाठ लाकडासारखी होते, कुशीवर वळताना ओरडायला येतं, आणि तासभर चाललं की मोकळी होते. त्याचा आजार आमचा सख्खा चुलत. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. हा कण्याला आणि कमरेच्या सांध्यांना धरतो, तरुणपणी सुरू होतो. ओळखायची खूण उलटी: साधी पाठदुखी विश्रांतीनं कमी होते, ही विश्रांतीनं वाढते.

तो का गेला हे मला त्याच वेळी समजलं. काकूंनाही.

(दृश्य: खासबाग मैदान. रिकामं. सकाळ.)

राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१२ मध्ये पूर्ण झालेलं हे खासबाग मैदान. या गावात पेठेपेठेला तालीम आहे. ज्यांनी आयुष्यात एक कुस्ती खेळली नाही तेही स्वतःला तालमीचे म्हणवतात. तिथं सव्वीस वर्षांच्या पोरानं ‘मला वाकता येत नाही’ हे कुणाला सांगायचं? त्याची पाठ दुखायला लागली तेव्हा घरच्यांनी ठरवलं की जोर-बैठकांत लचकली. दोन वर्षं लेप आणि मालिश. शिवाय लग्नाचं बघत होते.

(दृश्य: पंचगंगा. पाऊस.)

जुलै २०२१. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर आली की इशारा, ४३ फुटांवर धोका. हे दोन आकडे इथं शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. त्या जुलैत पाणी ४३ च्या खूप वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, वाहतूक बंद. नदीकडच्या पेठांतून लोक बाहेर पडले. काकूही नेसत्या लुगड्यानिशी एका शाळेतल्या निवाऱ्यात आल्या. पिशवीत आधारकार्ड आलं, पासबुक आलं, देवीचा टाक आला. गोळ्यांचा डबा राहिला.

बुधवारची गोळी एक आठवडा हुकली असती तर कसंतरी निभावलं असतं. पण काकू तेव्हा स्टेरॉइडवर होत्या, रोजच्या. महिनोन्‌महिने ते घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि मग एकदम बंद केलं तर माणूस गळून जातो, रक्तदाब कोसळू शकतो. हे आम्ही ग्रुपवर शंभरदा वाचलेलं. निवाऱ्यातल्या माणसांना ते कुठं ठाऊक असणार? त्यांना वाटलं, म्हातारी पुरानं घाबरली आहे.

दुसऱ्या दिवशी काकूंचा आवाज आला, जेमतेम ऐकू येईल असा. नाशिकच्या ताईंनी ग्रुपवर मागं मागं जाऊन काकूंनी कधीकाळी टाकलेला चिठ्ठीचा फोटो शोधून काढला. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस सांगितला. वरच्या पेठेतल्या मेडिकलमध्ये औषध होतं, ते मुलाला पाठवून आणलं. पण निवारा गावाच्या दुसऱ्या टोकाला, मुलगा बारका, नवरा पुण्यात अडकलेला, आणि माझे चवडे त्या ओल्या हवेत असे सुजलेले की चपलेत जाईनात. शारजातून, नागपुरातून संदेशावर संदेश येत होते. प्रेमानंच. पण त्यातलं कुणी पुढच्या चौकातून वळून शाळेच्या दारात जाऊ शकत नव्हतं.

दुपारी एका अनोळखी नंबरवरून मला संदेश आला. “ताई मी तोच, ग्रुप सोडलेला. मला नाशिकच्या मॅडमनी सांगितलं. मी घरीच आहे सध्या, ऑफिस घरून चालू आहे. औषध मी नेतो. घरी कळू देऊ नका फक्त.”

तो आला, तेव्हा मी त्याला दारातच ओळखलं. त्याच्या आईकडून मी ब्लाउज शिवून घेते. त्यानंही मला ओळखलं. दोघंही काही बोललो नाही. मी पुडी दिली, त्यानं खिशात घातली आणि मोपेडला किक मारताना एकदा कमरेवर हात ठेवला. बस, एवढंच.

निवाऱ्यात काकूंनी त्याला विचारलंच, “कुणाचा रं तू?”

तो म्हणाला, “ग्रुपातला.”

(दृश्य: पुन्हा मिरच्या. आता तीन जोड्या हात.)

आता दर एप्रिलमध्ये आम्ही तिघं चटणी करतो. अकराच्या आधी सुरू करत नाही, कारण तोवर माझी आणि काकूंची बोटं कामाला येत नाहीत. तो दर वीस मिनिटांनी उठून बोळात दोन फेऱ्या मारतो, बसून राहिला तर त्याची पाठ धरते. देठं खुडायला सर्वांत चांगले हात त्याचेच, पण मिरचीचा हात डोळ्याला लावायचा नाही हे त्याला अजून जमलेलं नाही. त्याच्या आजारात डोळे आधीच नाजूक. एकदा आला होता डोळा लाल करून, तर काकूंनी त्याला डॉक्टरांकडं पाठवलं आणि निकाल येईपर्यंत मिरचीला हात लावू दिला नाही. निघालं तिखटच.

त्याचं आईला अजून सांगून झालेलं नाही. मी ब्लाउज शिवायला जाते तेव्हा त्या सांगतात, पोरगं हल्ली रविवारी कुठं जातं कळत नाही. मी मापं देते आणि येते.

(दृश्य: डंकाचं दार. आत लाल धूळ. कॅमेरा बाहेरच थांबतो.)

परवा डबे घेऊन डंकावर गेलो. डंकवाल्यानं त्याच्याकडं एकदा बघितलं, दोनदा बघितलं. काकूंना विचारलं, “हे कुणाचं पोरगं?”

काकू डब्याचं झाकण उघडत होत्या. तळहातानं दाबून, त्यांच्या पद्धतीनं. मान वर न करता म्हणाल्या, “माझ्या भाचीचं. आजऱ्याचं हाय.”

“आजऱ्यात कुणाचं?” डंकवाल्यानं विचारलं.

काकूंनी मिरच्या ओतल्या. डंक सुरू झाला.

(ध्वनी: धप. धप. धप.)