सड्यावरचे ओस गवळीवाडे

[दृश्य: पाटण तालुका, जिल्हा सातारा. कोयना खोऱ्यावरचा जांभ्याचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार. फेब्रुवारीतलं वाळलेलं गवत, सकाळचं तिरपं ऊन.]

पाटण आणि जावळीच्या या माथ्यांवर गवळी धनगरांनी पिढ्यानपिढ्या म्हशी राखल्या. लोणी-तूप खाली गावात द्यायचं, धान्य-मीठ वर आणायचं. 1878 च्या वन कायद्यानं राखीव जंगलांतल्या चराईवर बंधनं आली. 1960 च्या दशकात खोऱ्यात धरणाचं पाणी चढलं, 1985 मध्ये कोयना अभयारण्य झालं, 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. गवळ्यांच्या वस्त्या, म्हणजे वाडे, एकेक करून उठले.

वाडा उठल्यावर उरतं फार थोडं. भिंती कारवीच्या कुडाच्या, वर शेणामातीचं लिंपण, छप्पर गवताचं. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथं छपराची शाकारणी थांबली की थोड्याच पावसाळ्यांत घर बसतं. उरतं ते दगडी जोतं.

[दृश्य: सड्याची कड, खाली झरा.]

या जोत्यांचा शोध सड्याच्या मधोमध नाही, कडेनं घ्यायचा. जांभा सच्छिद्र, त्याच्याखाली चिकणमातीचा थर. पाणी जांभ्यातून मुरतं, मातीपाशी अडतं आणि कडेला झरा होऊन बाहेर येतं. म्हशींना बारमाही पाणी लागतं, म्हणून आधी झरे नकाशावर टाका आणि प्रत्येक झऱ्याच्या वरचा सपाट तुकडा पायी पालथा घाला. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. भर दुपारी वीतभर उंचीचं जोतं नजरेतून हमखास सुटतं.

पावसाळा सरतानाची, ऑक्टोबरमधली फेरीही चुकवू नये. दगडावर माती उथळ असते, तिथलं गवत आधी पिवळं पडतं. जुन्या गोठ्याची शेणानं भरलेली माती ओल धरते आणि गवत बरेच दिवस हिरवं राहतं. टाकळ्याचं दाट रान हीसुद्धा खूण, पण एकट्या टाकळ्यावर विसंबू नका. वाटेच्या कडेलाही तो माजतो.

फसगत ठरलेल्या ठिकाणी होते. जांभा नैसर्गिकरीत्याही सरळ रेषेत फुटतो. नाचणीसाठी वेचलेल्या दगडांचे ढीग जोत्यासारखे दिसतात. वनखात्याचे सलग समतल चर, म्हणजे उतारावर एकाच उंचीनं खणलेले लांब खड्डे, तर लांबून पडक्या भिंतीच वाटतात. जोत्याला कोपरा असतो, आणि दगडाची सपाट बाजू बाहेरच्या अंगाला लावलेली असते. निदान दोन कोपरे सापडल्याशिवाय घर म्हणून नोंद करू नये.

[दृश्य: जोत्यावर ताणलेली फीत, आलेखाचा कागद.]

माणसं आणि म्हशी एकाच छपराखाली राहत. चुलीचा भाग थोडा उंच, गोठा उताराच्या अंगाला, म्हणजे मूत बाहेर वाहून जातं. आराखडा 1:50 प्रमाणात काढा. प्रत्येक दगड जागेवरच राहू द्या. शेंदूर लावलेल्या देवाच्या दगडाला तर हातही लावायचा नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात वनविभागाची परवानगी लागते, आणि उत्खनन करायचं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना.

गोठा कुठे होता हे दगड अर्धवटच सांगतात. खरी साक्ष मातीतल्या फॉस्फेटची. शेणातून ते जमिनीत उतरतं आणि जांभ्यातलं लोह नि अ‍ॅल्युमिनियम त्याला घट्ट धरून ठेवतं. याच आम्लधर्मी मातीत हाडं विरघळून जातात, म्हणून हाडं मिळाली नाहीत यावरून इथं जनावरं नव्हती असा निष्कर्ष काढणं सरळ चूक आहे.

[दृश्य: गाळणकागदावर मातीची चिमूट, निळा डाग पसरतो.]

हे फॉस्फेट तपासायला जोत्यावर दोन-दोन मीटरची चौकट आखा. गवताच्या मुळांखालून, साधारण 10 ते 15 सेंटिमीटरवरून माती घ्या. राखविरहित गाळणकागदावर 50 मिलिग्रॅमची चिमूट ठेवा. पहिलं द्रावण: 100 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात 5 ग्रॅम अमोनियम मॉलिब्डेट, त्यात 35 मिलिलिटर 5 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल. याचे दोन थेंब. 30 सेकंदांनी दुसऱ्या द्रावणाचे दोन थेंब: 100 मिलिलिटर पाण्यात अर्धा ग्रॅम अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, त्याच दिवशी बनवलेलं. दोन मिनिटांनी निळ्या रंगाची गडदता आणि पसारा बघून एक ते पाच असा क्रम द्या. हातमोजे आणि चष्मा घालूनच.

वाड्यापासून शंभरेक मीटरवरच्या मोकळ्या सड्याचे पाच-सहा नमुने नसतील, तर या निळ्या डागांना काही अर्थ नाही. तुलना कशाशी करणार? खुरपं साबणाच्या पावडरनं धुतलं असेल तर पावडरीतलंच फॉस्फेट निळं दिसू शकतं. चुलीची राखही रंग देते, म्हणून डाग आराखड्यावर मांडूनच वाचायचे.

माण-आटपाडीकडच्या मेंढ्यांच्या जुन्या तळांवर हिशेब वेगळा. तिथल्या चुनखडीच्या जमिनीत लेंड्यांमधले चुन्याचे सूक्ष्म गोल कण, 5 ते 20 मायक्रॉनचे, टिकू शकतात. सड्यावर ते विरघळतात. तिथं गवतातले सिलिकाचे कण शोधावे लागतात.

[दृश्य: कोळशाचा तुकडा, कौलाची खापरी.]

काळ ठरवणं सगळ्यात अवघड. 1650 नंतरच्या कोळशाची रेडिओकार्बन तारीख दोन-तीन शतकांवर पसरते. तरीही कोळसा पाठवायचाच असेल तर कारवीचा निवडावा. कारवी सात-आठ वर्षांत फुलून मरते, त्यामुळे जुन्या खोडाची चूक, म्हणजे लाकूडच वाड्याहून खूप जुनं असल्यानं तारीख मागे जाणं, टळते. मंगळुरी कौलाचा तुकडा मिळाला तर तो 1865 नंतरचा, कारण पहिला कारखाना त्या वर्षीचा. कौल मिळालं नाही तर त्यावरून काहीच ठरत नाही. वाडा उठताना कामाची वस्तू कोण मागे ठेवील?

म्हणून वाडा सोडलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे लवकर गेलं पाहिजे. साल विचारू नका. ‘शेवटची शाकारणी भूकंपाच्या आधी की नंतर?’ असं विचारा. 11 डिसेंबर 1967 ची ती पहाट या खोऱ्यात कुणी विसरत नाही. दार कुठल्या तोंडाला होतं, रेडकं कुठे बांधायची, दुभती म्हैस कुठल्या खुंट्याला, हे आराखडा पुढे ठेवून विचारा. उत्तर लिहिताना सांगणाऱ्याचं वय आणि त्यानं ते स्वतः पाहिलं की ऐकलं, हे त्याच ओळीत नोंदवा.