पिवळा माका लावण्यापूर्वी त्याचे पान पाहावे

अध्यक्षमहोदय आणि भातकापणीच्या दिवसांतही वेळ काढून आलेल्या ग्रामस्थ बंधुभगिनींनो,

माका म्हटले की पांढऱ्या बोंडांचा भृंगराज डोळ्यांसमोर येतो. मला आज त्याच्या पिवळ्या भावंडाविषयी बोलायचे आहे. दोन्ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातल्या. पिवळा माका वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भातशेतीच्या, मेरेवर (बांधावर), पाटाच्या कडेला आणि पोफळीच्या बागेत जिथे शिपण्याचे पाणी मुरते तिथे आपणहून पसरतो. त्याचे पान लांबट असते, देठ जवळजवळ नसतोच, आणि त्यावरून बोट फिरवले तर ते मांजराच्या जिभेसारखे खरखरीत लागते. माझी आजी हा पाला पाट्यावर वाटून खोबरेल तेलात मंद आचेवर कढवत असे. तेलाची तडतड पूर्ण थांबली, म्हणजे पाण्याचा अंश उडाला, की ती कढई उतरवी आणि तेल फडक्यातून गाळून घेई.

ते तेल पुन्हा करावे म्हणून काही वर्षांपूर्वी मी एका रोपवाटिकेतून पिवळ्या माक्याची चाळीस रोपे आणली आणि पोफळीखालच्या मेरेवर लावली. दोन पावसाळ्यांत त्या वेलीने मेर झाकली, पाटात उतरून पाणी अडवले आणि आपोआप उगवणाऱ्या ब्राह्मीचा माग पुसून टाकला. मी तर लागवड साधली म्हणून समाधानात होतो. शेजारच्या काकी एकदा पाट उपसायला आल्या, त्यांनी एक पान खुडून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "रे बाबा, ह्या पानाक तीन बोटां आसत, आपल्या माक्याक नाय." त्यांचे निरीक्षण अचूक होते. पान गुळगुळीत, तकतकीत होते आणि त्याला दोन्ही बाजूंना एकेक खंड फुटलेला होता. ती उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली ट्रायलोबाटा जात होती, जिचा समावेश जगातील सर्वाधिक उपद्रवी अशा शंभर परक्या जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे.

ही गफलत नावातून होते. आपला पिवळा माका, म्हणजे कॅलेन्ड्युलेसिया, आणि ती ट्रायलोबाटा या दोन्ही जाती पूर्वी वेडेलिया या प्रजातीत गणल्या जात; 1996 मध्ये त्या स्फॅग्नेटिकोला प्रजातीत गेल्या, परंतु बागकामाच्या बाजारात रस्त्याकडेला लावायच्या त्या परक्या वेलीला आजही वेडेलियाच म्हणतात. दुसरीकडे, 1956 मध्ये आपल्या पिवळ्या माक्यातून वेगळे केलेले वेडेलोलॅक्टोन हे द्रव्य, जे पांढऱ्या माक्यातही असते, वेडेलियाच्याच नावावरून ओळखले जाते. नाव तेवढे ऐकून कोणतीही पिवळी वेल औषधी समजून विकली जाते, आणि पाला सुकून चुरा झाला की पानाचा आकारही उरत नाही. म्हणून ओळख ताज्या पानावरच पटवली पाहिजे, हे मला आपल्यासमोर कळकळीने मांडायचे आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा ज्या लागवडीसाठी आपण मला बोलावले ती थोडक्यात सांगतो. ओळख पटलेल्या वेलीचे तीन-चार पेरांचे, वीतभर फाटे घ्यावेत आणि पावसाळ्याच्या आरंभी, कुजलेले शेणखत मिसळलेल्या मातीत, दोन पेरे गाडली जातील असे हातभर अंतरावर लावावेत. फाट्यांना पेरांतून मुळे फुटतात, त्यामुळे बियांची वाट पाहावी लागत नाही. थोडी सावली चालते, परंतु डिसेंबरनंतर ओल टिकवावी लागते. नुसत्या कातळावर ही वनस्पती तग धरणार नाही. वेल फुलावर आली की बुडाशी चार बोटे ठेवून कापावी, धुवावी आणि सावलीत पातळ पसरून सुकवावी.

ज्यांच्या मेरेवर तीन खंडांच्या पानांची वेल आहे, त्यांनी ती उपटून वहाळात किंवा खतकुंडीत टाकू नये, कारण तिचा पेर असलेला तुकडाही रुजतो. मी ती मार्चमध्ये मुळांसकट काढून उघड्या कातळावर पूर्ण वाळेपर्यंत पसरून ठेवली आणि पुढच्या पावसात उगवलेले कोंब दर आठवड्याला हाताने खुडले. आपल्या माक्याचे फाटे मी ओल्या गोणपाटात बांधून आणले आहेत; ते बाहेरच्या बाकावर ठेवले आहेत. नेण्यापूर्वी प्रत्येकाने एक पान हातात घेऊन त्यावरून बोट फिरवून पाहावे.