सुनेला रडवणारा बटाटा

नमस्कार मंडळी.

उद्या एकादशी. आज रात्री पुष्कळ घरांत साबुदाणा भिजत पडला असेल, दाण्याचं कूट करून डब्यात भरलं असेल आणि सकाळी कुकरला लावायचे बटाटे टोपलीत वर काढून ठेवले असतील. त्या खिचडीकडे जरा निरखून बघा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. हिरवी मिरची अमेरिका खंडातली आणि बटाटाही तिकडचाच. आपलं म्हणावं ते तूप, जिरं आणि विठ्ठल! माझी आजी कांदा-लसणाला उपासाच्या दिवशी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नसे, पण समुद्रापलीकडून आलेल्या या चौघांना तिने कधी हटकलं नाही.

नावाचीही गंमत आहे. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, बटाट्यालाही लावला आणि आपल्या किनाऱ्यावर आणून सोडला. म्हणजे आपण गेली कित्येक वर्षं बटाट्याला रताळ्याच्या नावाने हाक मारतोय. ज्यांनी हे पीक घडवलं, त्या अँडीज पर्वतातल्या लोकांच्या केचुआ भाषेत बटाट्याला म्हणतात ‘पापा’.

आज त्या पापाच्या गावी जायचंय.

पेरू देशात कुस्को नावाचं जुनं शहर आहे, स्पॅनिश लोकांच्या आधी तिथे राज्य करणाऱ्या इंकांची राजधानी. तिथून तासाभराच्या अंतरावर पिसाक. पिसाकच्या वरच्या डोंगरांत केचुआ लोकांची गावं आहेत. सकाका, चवायतिरे, पारु पारु, पाम्पायाक्ता, आमारु, कुयो ग्रांदे. या गावांनी विसाव्या शतकाच्या शेवटी, एकविसाव्याच्या तोंडावर आपल्या जमिनी एकत्र सांभाळायचं ठरवलं आणि त्या सगळ्या मुलखाला नाव दिलं ‘पार्के दे ला पापा’, बटाट्याचं पार्क. पार्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घसरगुंडी आणि फाटकावरचा भेळवाला येतो. इथे तसं काही नाही. नऊ हजारांहून जास्त हेक्टरांचा डोंगराळ प्रदेश, त्यात माणसं, लामा (तिकडचं ओझी वाहणारं लोकरीचं जनावर), मेंढरं, तळी आणि बटाटे. शेतं सुरू होतात तीच समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवली, तरी यांच्या खालच्या वावरांच्याच जरा वर जाल.

या एवढ्याशा मुलखात हजाराहून जास्त जातींचे बटाटे लावतात. अख्ख्या अँडीजमध्ये देशी जाती चार हजारांच्या घरात आहेत. हजार हा आकडा ऐकायला सोपा, पण डोळ्यांपुढे येत नाही. मंडईत आपण विचारतो, ‘नवा की जुना?’ फार तर ‘तळेगाव की इंदुरी?’ तिथे एकाच वावरात वीस-तीस प्रकार मिसळून लावलेले असतात. काळे, जांभळे, लालभडक, पिवळे. कापल्यावर आत जांभळी चकती दिसणारे. बोटासारखे लांब, चपटे, वळलेले. नावं तर अशी की ऐकत बसावं. एकाचं नाव ‘पुमा माकी’, पुमाचा पंजा. एकाचं ‘गायीची जीभ’. एकाला चक्क ‘डुकराची लेंडी’ म्हणतात, आणि तो मिटक्या मारत खातात.

मला सगळ्यात आवडतो तो ‘काचुन वाकाची’. अर्थ, सुनेला रडवणारा. मूठभर आकाराचा बटाटा, पण अंगभर गाठी. अननस आणि पाइनचं बोंड यांच्या मधलं काहीतरी म्हणा. प्रत्येक डोळा खोल, दोन डोळ्यांच्या मध्ये उंचवटा. लग्न ठरायच्या आधी सासू म्हणे होणाऱ्या सुनेच्या हातात हा बटाटा द्यायची आणि म्हणायची, सोल. साल पातळ निघाली, गर वाया गेला नाही, तर मुलगी पास. ऐकल्यावर मला आपल्याकडचे कांदेपोह्यांचे कार्यक्रम आठवले आणि त्या मुलींची दयाही आली. आता तिकडे ही गोष्ट हसत हसत, पाहुण्यांना सांगायची म्हणून उरली आहे. पण गोष्ट उरली, म्हणून बटाट्याचं नाव उरलं. आणि नाव उरलं म्हणून कुणीतरी तो अजून लावतं. नाहीतर असला सोलायला छळणारा बटाटा कुठला व्यापारी मागणार?

आता प्रश्न पडेल की एवढ्या जाती हव्यात कशाला? हौस म्हणून? हौस आहेच. ते म्हणतात हा जेवणाचा, हा सूपाचा, हा बाळंतिणीचा, हा पाहुण्यांचा. पण मुख्य कारण डोंगर. तिथे शंभर मीटर वर चढलात की हवा बदलते. एका रात्रीत दहिवर पडून पीक जळतं, दुपारी गारा येतात, कधी पाऊस दडी मारतो. म्हणून एकेका घराची वावरं डोंगरभर विखुरलेली असतात, काही खाली, काही वर. गारपिटीत हे गेलं तरी ते राहतं. एकाच वावरात या जातीला रोग लागला तर शेजारची तग धरते. आयर्लंडमध्ये याच्या उलट झालं होतं. गरिबांचं सगळं पोट ‘लंपर’ नावाच्या एकाच जातीवर अवलंबून, १८४५ साली करपा आला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली.

पेरणी कधी करायची, याचं त्यांचं गणित ऐकून तुम्हाला आपलं पंचांग आठवेल. जूनच्या अखेरीस, सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास, शेतकरी पहाटे उठून डोंगरावर जातात आणि कृत्तिका बघतात. हो, आपल्याच कृत्तिका. तारे ठळक दिसले तर पाऊस वेळेवर आणि भरपूर. अंधुक दिसले तर पाऊस लांबणार, मग बटाट्याची लावणीही पुढे ढकलायची. पंडित लोक याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे झाले असते. पण २००० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला. एल निन्योच्या वर्षी जूनमध्ये तिथल्या आभाळात फार उंचावर विरळ ढग असतात, डोळ्यांना ढग म्हणून न दिसणारे. त्यांनी तारे मंद होतात. आणि एल निन्योच्या वर्षी त्या डोंगरांत पाऊस कमी पडतो, हे तर मोजून सिद्ध झालेलं. म्हणजे शेतकरी शेकडो वर्षं ढगच वाचत होते, ताऱ्यांच्या आडून. इंकांच्या काळी कृत्तिकांना ‘कोल्का’ म्हणत, म्हणजे धान्याचं कोठार. (मृगाचं वाहन गाढव की बेडूक, यावर आपल्याकडे अजून कुणी असा अभ्यास केल्याचं माझ्या वाचनात नाही!)

लावणीला ट्रॅक्टर त्या उतारावर चालत नाही, बैलही कमीच. त्यांचं अवजार ‘चाकिताक्या’. छातीपर्यंत येणारा वाकडा लाकडी दांडा, खाली अरुंद लोखंडी पातं, पाऊल ठेवायला एक आडवी खुंटी, सगळं चामड्याच्या वादीने आवळलेलं. दोन पुरुष शेजारी शेजारी उभे राहतात, पायाने पातं एकदम जमिनीत घुसवतात, दांडा मागे दाबून ढेकूळ उचकटतात. समोर वाकलेली बाई ते ढेकूळ हाताने उलटं करते. मग तिघं एक पाऊल मागे. पुन्हा तेच. मजुरी कुणी कुणाला देत नाही. आज तुझ्या शेतावर, उद्या माझ्या. याला ते ‘आय्नी’ म्हणतात. आपल्याकडे कोकणात सावड म्हणतात, देशावर इर्जिक. आपल्याकडे हे शब्द आता कोशात जास्त भेटतात. तिथे अजून वावरात आहेत.

काम सुरू करायच्या आधी कोका नावाच्या झुडपाची तीन निवडक पानं हातात धरून पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, आणि समोरच्या डोंगरांना नाव घेऊन बोलावतात. त्यांच्या हिशेबी घराणं म्हणजे नुसती माणसं नाहीत. माणसं, त्यांची जनावरं आणि पिकं हा एक गोतावळा. रानातली झाडं-जनावरं हा दुसरा. आणि डोंगरदेव हा तिसरा. तिघांचं जमलं पाहिजे. पार्कचा कारभारही याच विचारावर चालवायचा, असं त्यांचं म्हणणं. गावांनी औषधी वनस्पती, विणकाम, खानावळ, वाटाड्ये असे गट केलेत. कमाईतला काही भाग सामाईक निधीत जातो. तो वाटायचा कसा, यावर वाद होतात. व्हायचेच. इतकी गावं आहेत.

आणि काढणीनंतरचं वाळवण! उन्हाळ्यात गच्चीवर बटाट्याचा कीस घालताना आपण कावळे हाकलतो. तिकडचं वाळवण थंडीत घालतात. जून-जुलैच्या, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याच्या, रात्री उघड्या माळावर बारके आणि कडू बटाटे पसरून ठेवायचे. रात्री पाणी गोठेल अशी थंडी, सकाळी कडक ऊन. गोठायचं, विरघळायचं, पुन्हा गोठायचं. तीन-चार दिवसांनी बटाटा ओल्या स्पंजासारखा मऊ पडतो. मग घरची सगळी माणसं अनवाणी पायांनी ढिगावर चढतात आणि टाचांनी तुडवतात. पाणी चिळकांड्या उडवत बाहेर येतं, सालं सुटतात. थंडीने पाय बधिर होतात, पोरं खिदळत असतात. नंतर ते उन्हात खडखडीत वाळवायचं. याला म्हणतात ‘चुन्यो’. गारगोटीसारखा कडक, वजनाला हलका, वर्षानुवर्षं टिकणारा. शिवाय कडू बटाट्यातलं विष त्या पाण्याबरोबर बरंचसं निघून जातं. इंकांची कोठारं याने भरलेली असत. पुढे पोतोसीच्या चांदीच्या खाणीतल्या मजुरांना हाच चुन्यो विकून काही स्पॅनिश लोक गबर झाले.

हे सगळं ऐकून वाटेल की हे लोक जुनं ते धरून तसेच बसलेत. तसं नाही. मधे तुटलं होतं. आधी जमीन हासिएंदावाल्या, म्हणजे मोठ्या जहागिरींच्या, जमीनदारांची, ती १९६९ च्या जमीन सुधारणेनंतर गावांकडे आली. मग सुधारित वाण आले, खतं आली, कर्ज आलं. एक-दोन जाती लावा, बाजारात न्या, पैसे घ्या. लोकांनी तेच केलं. आपणही केलंच असतं. पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावरचा आपला शेतकरीही बेणं पंजाबातून आणतो आणि तोच वाण लावतो, कारण बाजार तोच मागतो. त्याला दोष कुणी द्यायचा? तर तिकडे घराघरांतून देशी जाती हळूहळू गेल्या.

पण लिमा शहरात १९७१ साली आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र सुरू झालं होतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी डोंगर पालथे घालून गावोगावचे बटाटे गोळा केले आणि प्रयोगशाळेत जपले. डिसेंबर २००४ मध्ये पार्कमधल्या गावांनी या केंद्राशी करार केला. आमच्या डोंगरातून नेलेलं आम्हाला परत द्या, आणि त्यावर कुणी पेटंट घ्यायचं नाही. त्यातून चारशेच्या वर जाती, विषाणूंपासून स्वच्छ केलेल्या, माघारी आल्या. माहेरवाशिणी आल्या म्हणा ना. कुठली जात कुठल्या उंचीवर रुजते, हे गावकऱ्यांनी पुन्हा लावून पाहिलं. आता तर ते आणखी कठीण झालंय. हवा तापतेय, करपा आणि बटाट्यातला किडा डोंगर चढतायत, म्हणून देशी बटाट्याची वावरं आजोबांच्या काळापेक्षा वर सरकली आहेत. वर सरकायचं तरी किती? डोंगराला शेंडा असतो.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये याच गावांनी बटाट्याच्या बियांचे ७५० नमुने नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्ड बेटांवरच्या बर्फातल्या बीज-तिजोरीत ठेवले. पेपरात मोठी बातमी झाली. आणि इथे मला एक बारीक गोष्ट सांगायची आहे, जी मराठी माणसाला पटकन कळेल, कारण आपल्याकडे त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. बी आणि बेणं. बटाट्याच्या झाडाला टोमॅटोसारखी छोटी हिरवी फळं धरतात, त्यांत बी असतं. तिजोरीत ठेवलंय ते हे बी. पण सुनेला रडवणाऱ्या बटाट्याचं बी पेरलं, तर सुनेला रडवणारा बटाटा उगवत नाही. भलताच कुणीतरी उगवतो, प्रत्येक रोप वेगळं. आईबापांचे गुण त्यात असतात, पण ती जात नसते. तीच जात हवी तर बटाटाच लावावा लागतो, डोळ्यासकट. बेणं. आणि बेणं तिजोरीत राहत नाही. लिमातल्या काचेच्या नळ्यांत रोपं जिवंत ठेवतात खरी, पण तिथे ना दहिवर, ना गारा, ना किडा. डोंगरावर मात्र दरवर्षी लावावंच लागतं. सलग दोन-तीन वर्षं चुकली की संपलं.

म्हणून काढणी झाली की घरातल्या बायका अंधाऱ्या खोलीत बटाट्याच्या राशीपुढे बसतात आणि वाटण्या करतात. एक ढीग खायचा. एक चुन्योचा. थोडे शेजारणीला द्यायचे, तिच्याकडची वेगळी जात घेऊन. आणि एक ढीग लामाच्या लेंडीखताच्या वावरात परत जायचा. या शेवटच्या ढिगाला पोरांनी हात लावला तर फटका मिळतो, भूक लागली असली तरी.

नमस्कार.