परक्याच्या शेतातली वाट

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'इंग्लंडमधलं माझं पहिलं वर्ष', आणि पुढच्या रांगेत बाहेर शिकायला निघालेली पाच-सहा मुलं-मुली बसलेली दिसताहेत. त्यांना खोली, खर्च, प्रवास असं बरंच विचारायचं असणार. ते सांगते. पण त्याआधी मला एका पायवाटेबद्दल बोलायचंय. ही गोष्ट इथे कऱ्हाडात, आपल्या माणसांसमोरच सांगायची होती, कारण 'वहिवाट' या शब्दाचा अर्थ इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

सप्टेंबर 2016 मध्ये मी नदीखोऱ्यांचा अभ्यास करायला लीड्सला गेले. लीड्स म्हणजे यॉर्कशायरमधलं जुनं गिरण्यांचं शहर. लाल विटांच्या घरांच्या रांगा, आणि कित्येक घरं पाठीला पाठ लावून बांधलेली. मागच्या भिंतीपलीकडे दुसऱ्याचा संसार, त्यामुळे परसदार नावाची गोष्टच नाही. अशाच एका घरात माळ्यावर माझी खोली होती. बेसिनला दोन नळ, एकाचं पाणी कढत, दुसऱ्याचं बर्फासारखं. बसमधून उतरताना जो तो ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणून उतरतो, हे मला पहिल्याच दिवशी फार आवडलं. आणि ड्रायव्हर काय, मंडईतला भाजीवाला काय, सगळे 'लव्ह' म्हणून हाक मारतात. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेली म्हातारी 'बाळा, सरक जरा' म्हणते, तेवढाच त्यात जिव्हाळा.

अंधाराची मात्र सवय करावी लागते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात आणि डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. जेवणं उरकून आई रात्री सव्वानऊला फोन करायची. 'तुझ्याकडं अजून दुपार असंल की,' म्हणायची. माझ्या खिडकीबाहेर तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले असायचे. जाणाऱ्या मुलांनो, हे मनावर घ्या. तिथला पहिला ऑक्टोबर महिना खोलीत बसून घालवू नका. उजेड आहे तोवर बाहेर पडा.

मी बाहेर पडले, ते नदीमुळे. लीड्सच्या रेल्वे स्टेशनच्या खालून, विटांच्या कमानींमधून एअर नदी वाहते. माथ्यावर गाड्या, पोटात नदी. प्रीतिसंगमावर वाढलेल्या मुलीला नदी दिसली की पहिला प्रश्न पडतो, हिचा उगम कुठे? उगम मालम गावाजवळ. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी गारग्रेव्ह नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरले आणि तिथून नदीकाठाने मालमपर्यंत दहा-अकरा किलोमीटर चालायचं ठरवलं. हातात तिथल्या सर्व्हे खात्याचा नारिंगी मुखपृष्ठाचा नकाशा होता. 1:25,000 प्रमाणाचा. त्यात शेताचा प्रत्येक बांध दिसतो, आणि पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी काढलेल्या असतात.

गावाबाहेर अर्ध्या तासावर रेष सरळ एका कुरणात शिरली. दगडी गडगा, लाकडी फाटक, आत गाई. पलीकडे कुणाचं तरी घर. मी फाटकाशी थांबले. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी मी, परक्याच्या शेतात विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही हे अंगात भिनलेलं. पाचेक मिनिटं तशीच उभी होते. मग बूट चिखलाने भरलेला एक म्हातारा शेतकरी कुत्र्याला घेऊन आला. मी आधी माफी मागितली आणि विचारलं, इथून जाऊ का? त्याला प्रश्नच कळला नाही. त्याने फाटकाच्या खांबावरचा पिवळा बाण दाखवला. 'पायवाट आहे, लव्ह. जा की.' मी विचारलं, 'पण जमीन तुमची ना?' म्हणाला, 'हो, माझ्या आजोबांपासून.' 'आणि वाट?' तो म्हणाला, 'वाट माझी नाही. सगळ्यांची. फक्त फाटक लावून घे.'

मंडळी, मी ते कुरण ओलांडलं आणि पलीकडच्या गडग्यावर बसून रडले. त्याचं कारण सांगते.

आमच्या वस्तीवर जाणारी पाणंद 2005 साली भावकीतल्या एकाने अडवली. आधी बाभळीचे काटे टाकले, मग नांगरून त्यात ऊस लावला. त्या वाटेने माझे पणजोबा बैलगाडी नेत होते. वाट बंद झाल्यावर ट्रॅक्टर रानात येईना. टोळीने तोडलेला ऊस मोळ्या बांधून डोक्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचा, चारशे मीटर. मुकादम त्याचे वेगळे पैसे मागायचा, आणि तेही बरोबरच होतं, कारण वजन त्या बायकांच्या मानेवर होतं. एका पावसाळ्यात आजीला रात्री दवाखान्यात न्यायचं होतं. वडील आणि काका तिला बाजेवर घालून गुडघाभर चिखलातून घेऊन निघाले, आणि मी पुढे बॅटरी धरून चालत होते. अकरा वर्षांची होते मी. आजी वाचली. पण 'वाट माझी नाही' हे वाक्य जमीनमालकाच्या तोंडून निघू शकतं, हे मला त्यानंतर कितीतरी वर्षांनी, इतक्या लांब जाऊन कळलं. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी अशी एक पाणंद असेल, हे मला माहीत आहे.

तिथली माणसं मुळातच भली म्हणून हे झालं असं समजू नका. उन्हाळ्यात मी हेफिल्ड गावी गेले. तिथे बोडन ब्रिजच्या जुन्या दगडखाणीत एक पाटी आहे. 24 एप्रिल 1932 ला मँचेस्टरकडचे काही शे तरुण कामगार तिथून किंडर स्काउटच्या पठारावर चढले. आठवडाभर गिरणीत, कारखान्यात धुराखाली काम करायचं आणि रविवारी मोकळ्या हवेत चालायचं, एवढीच त्यांची मागणी. पण पठार एका ड्यूकच्या, म्हणजे बड्या सरदाराच्या मालकीचं, पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं. वर राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जण तुरुंगात गेले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन तेव्हा वीस वर्षांचा होता, त्याला चार महिने झाले. 1949 साली कायदा झाला आणि प्रत्येक काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करायचा असं ठरलं. त्या नकाशावर रेष असली की वाट आहे, हा पुरावा पक्का. पिकातून जाणारी वाट शेतकरी नांगरू शकतो, पण पेरणीसाठी पहिल्यांदा मोडली तर चौदा दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. पीक वाढलं तरी निदान एक मीटर रुंदीची पट्टी मोकळी ठेवायची. मी स्वतः गव्हातून तशा पट्टीने चाललेय, दोन्ही हातांना ओंब्या लागत होत्या.

मालमचं राहिलंच की. तिथे चुनखडीचा ऐंशी मीटर उंचीचा कडा आहे आणि त्याच्या पायथ्यातून झरा निघतो. बघणाऱ्याला वाटतं, वरच्या तळ्याचं जे पाणी जमिनीत गडप होतं तेच हे. पण तळ्याच्या पाण्यात रंग मिसळून पाहिला तेव्हा ते पाणी मुख्यतः गावाच्या खालच्या अंगाला, एअर हेडच्या झऱ्यांशी निघालं. जमिनीखालच्या पाण्याच्या वाटा अशा एकमेकींना ओलांडून जातात. यावर मी तासभर बोलू शकते, पण अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत.

तेव्हा मुद्द्याचं भरभर सांगते. आपल्या गाव नकाशावरही अशाच तुटक रेषा आहेत. दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग, एकेरी म्हणजे पायमार्ग. हे नकाशे इंग्रजी अमदानीतल्या मोजणीतून आलेत, म्हणजे रेष तिथल्यासारखीच इथेही आहे. तिथे तिच्यावरून रोज माणसं चालतात, म्हणून ती जिवंत राहते. आपली रेष दप्तरात पडून असते. कायदा आपल्याकडेही आहे. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आमच्या घरी ही मुदत कुणाला माहीत नव्हती. रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली बांधावरून मागता येतो. हे दोन आकडे लिहून घ्या.

जाणाऱ्या मुलांसाठी. सोळा ते पंचवीस वयाचं रेलकार्ड पहिल्याच आठवड्यात काढा, बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. लांबचं तिकीट आधी काढा, ऐन वेळेला काढलेलं फार महाग पडतं. सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व फुकट असतं, त्या भागाचे नकाशे तिथे चाळायला मिळतात. 'तुम्हाला एकटीला भीती वाटली नाही का,' असं मागून कुणीतरी विचारतंय. वाटली, अंधाराची. म्हणून चारच्या आत परत फिरायचे.

आणि शेवटचं. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी या वाचनालयाच्या दारात उभी असेन. भूमी अभिलेखातून आमच्या गावाच्या नकाशाची नक्कल काढून आणली आहे. त्यावरच्या तीन तुटक रेषा आपण चालून बघायच्या आहेत, जिथे अडेल तिथे खूण करायची, भांडायचं नाही. ऊस उंच आहे, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, टोपी आणि पाणी आणा. आमच्या वस्तीवर चहा होईल.