अंगानं बारीक, तरी कंबर मोजा
(महिला बचत गटाच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. आत येताना एक मावशी मला म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, माझ्या अंगावर मांस नाही, मला कुठनं शुगर होणार? जाड्या बायांना सांगा." मावशी, मी आज तुमच्यासाठीच आले आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दुपटीहून जास्त! वजनकाट्याला हे कळतच नाही. आपल्या लोकांची चरबी पोटात आणि यकृतात साठायला बघते, आणि तिथली चरबी रक्तातली साखर ताब्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला त्याचं काम नीट करू देत नाही.

याचं मूळ पोटातल्या बाळापर्यंत जातं. याज्ञिकांच्या गटानं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांची गरोदरपणात पाहणी केली. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरलेले, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून. शेतात राबणाऱ्या, स्वतः सडपातळ असलेल्या आयांची ही लेकरं. म्हणून "आमच्या घरात कुणी जाड नाही" असं कुणी म्हणालं, की मी आधी टेप काढते.

साधी शिंप्याची टेप. ताई, तुम्ही या पुढं. बघा, आपण सगळ्या परकराची नाडी बांधतो तिथं माप घेतो, ते चुकतं. शेवटची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाची वरची कड. त्या दोन्हींच्या मधोमध टेप. पोट आत ओढायचं नाही, श्वास सोडायचा आणि आकडा बघायचा. बायांना 80 सेंटीमीटर, पुरुषांना 90. त्याच्या वर गेलं, की रक्तातली साखर तपासून घ्यायची, वजन कितीही असो. तिशीनंतर आशाताई फॉर्म भरायला घरी येते ना, त्यात कमरेचं माप असतं. अंदाजे सांगू नका, मोजू द्या.

आता मीठ, कारण जास्त मिठानं बीपी वाढतं. मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी पुरे, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, तोही सगळं धरून. चौघांच्या घरात 20 ग्रॅम झालं. किलोचा पुडा किमान 50 दिवस पुरला पाहिजे. आज घरी गेल्यावर पुड्यावर पेनानं तारीख लिहा. बऱ्याच घरांत महिन्याच्या आत नवा पुडा फुटतो, आणि पापड, लोणचं, फरसाण, खारी यांतलं मीठ त्यात धरलेलंच नसतं. सैंधव वापरलं म्हणजे सुटलो असंही नाही, त्यातही सोडियमच असतं. भाकरीच्या पिठात मीठ नसलं तरी भाकरी होते, तिथून सुरुवात करा. ताटात वाढलेलं मीठ बंद करा. दोन-तीन आठवड्यांत जिभेला सवय होते.

आणि मिश्री. यावर मला जरा वेळ हवा आहे. माझी आई सकाळी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, त्या वासानं मला ठसका लागून जाग यायची. दाढ दुखली म्हणून शेजारणीनं बोटभर दिली होती, तिथून सुरू झालेली मिश्री 40 वर्षं टिकली. "मी कुठं तंबाखू खाते, मी दात घासते," हे तिचं उत्तर. बायांनो, ती तंबाखूच आहे. हिरड्यांतून निकोटीन थेट रक्तात जातं, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि गरोदर बाईनं लावली तर बाळाचं वजन घटतं. मघाशी 2.7 किलो म्हणाले, त्या बाळाला त्याहून हलकं करायचं का? आईवर मी फार वर्षं चिडत राहिले, त्याचा काही उपयोग झाला नाही. आई दिवसातून पाच वेळा लावायची, त्यातली दुपारची आधी गेली, मग संध्याकाळची. सकाळची सर्वांत शेवटी. शौचाला होत नाही म्हणून बाया परत डबी उघडतात. त्याला उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि थोडे दिवस धीर, एवढं बहुतेकींना पुरतं. नाहीच जमलं तर माझ्याकडे या, औषधं आहेत. मी रागावणार नाही.

चालण्याबद्दल एवढंच सांगते, की शेतातलं काम संपून दुकान किंवा शिलाई मशीन आलं असेल, तर रोज अर्धा तास भरभर चालायला हवं.

मागच्या टेबलावर बीपीचं मशीन आहे. 140/90 किंवा वर आलं तर घाबरायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. बीपी वाढलेलं असताना बहुधा काहीच दुखत नाही, डोकंसुद्धा नाही, म्हणून मोजायचं. ज्यांनी आत्ता चहा घेतला किंवा मिश्री लावली, त्यांनी अर्धा तास थांबा. बाकीच्यांनी पाच मिनिटं खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसा. मोजताना बोलायचं नाही, हात टेबलावर. मावशी, पहिला नंबर तुमचा.