बियर होण्याआधीची चव

[दृश्य : मोठं स्टीलचं पातेलं, वाफ. एक चमचा आत जातो.]

पातेलं उकळायला ठेवण्याआधी मी त्यातला एक चमचा नेहमी चाखते. याला वर्ट म्हणतात. बार्लीला मोड आणून ती भट्टीत सुकवली की तिचं माल्ट होतं. ते भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवलं की दाण्यातल्या पिष्टाची साखर होते आणि हा मधाच्या रंगाचा रस खाली उतरतो. इतका गोड, की दुसरा चमचा नकोसा होतो. बियर म्हणून ओळखावं असं यात अजून काहीच नाही.

घरी बियर करणाऱ्याची जीभ बदलते ती या चमच्यापासून. बाटली विकत घेणारा बियरला एकदाच भेटतो, ती पूर्ण तयार झाल्यावर. घरी करणारा तिला पाच-सहा वेळा भेटतो. गोड रस असताना भेटतो, हॉप्स, म्हणजे बियरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं, पडून कडू-गोड झाल्यावर भेटतो, आंबण्याच्या तिसऱ्या दिवशी ती गढूळ आणि उग्र असते तेव्हा भेटतो, साखर संपून ती कोरडी आणि सपाट लागते तेव्हाही. मग बाटलीत वायू धरल्यावर. या सगळ्या भेटी जिभेवर नोंदल्या जातात. पुढे केव्हातरी विकतच्या बियरचा घोट घेतला, की त्यातून हे टप्पे वेगवेगळे वर येऊ लागतात. हा गोडवा मॅशमधला, म्हणजे माल्ट पाण्यात मुरवतानाचा, हा कडवटपणा लवकर घातलेल्या हॉप्सचा, हा वास उकळी संपताना टाकलेल्या हॉप्सचा.

माझ्या पहिल्या बियरमध्ये एक दोष होता आणि त्याचं नाव मला माहीत नव्हतं.

[दृश्य : हायड्रोमीटर वर्टमध्ये तरंगतोय. काचेवरचा आकडा जवळून.]

हायड्रोमीटर रसातली साखर घनतेवरून सांगतो, साखर संपत गेली की आकडा उतरतो. पहिल्या दिवशी तो १.०४८ दाखवत होता. नवव्या दिवशी तो १.०११ वर आला आणि तिथेच थांबला. एअरलॉकमधले, म्हणजे आंबताना होणारा वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतले, बुडबुडेही थांबले. झालं आपलं काम, असं समजून मी त्याच संध्याकाळी बाटल्या भरल्या. दोन आठवड्यांनी उघडलेल्या प्रत्येक बाटलीला नुकत्याच कापलेल्या हिरव्या सफरचंदाचा वास होता. घरची बियर अशीच लागत असणार, असं मी धरून चालले. चार खेपा मी तोच वास कौतुकाने प्यायले.

तो वास अ‍ॅसिटाल्डिहाइडचा. साखरेचं अल्कोहोल करताना यीस्ट वाटेत हा पदार्थ तयार करतं आणि पुढे त्याचंही अल्कोहोल करून टाकतं. आकडा स्थिर झाल्यावरही यीस्टला आवराआवरीला काही दिवस लागतात. मी ते दिलेच नव्हते. पाचव्या खेपेला आठवडाभर जास्त थांबले आणि सफरचंद गेलं.

नाव कळलं आणि सगळं बदललं. नाव नसलेला वास आपण चवीतच धरतो. नाव मिळालं की तो वेगळा उचलता येतो. बियरच्या धंद्यातल्या लोकांना हे फार आधी कळलं होतं. १९७०च्या दशकात मॉर्टन मिलगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बियरच्या चवींचं एक चाक, म्हणजे गोल तक्ता, तयार केलं. त्यात शंभराहून अधिक चवींना ठरलेली नावं आहेत. एका कारखान्यातला माणूस ‘ओला पुठ्ठा’ म्हणाला तर दुसऱ्या कारखान्यातल्या माणसाला नेमकं तेच कळावं, यासाठी. मी ते चाक छापून ओट्यावरच्या फळीला चिकटवलं. पुढचं वर्ष मला जड गेलं.

[दृश्य : बारमधला नळ. ग्लास भरतोय. फेस.]

जड अशासाठी, की वर्षानुवर्षं आवडीने घेतलेल्या एका ड्राफ्ट बियरमध्ये एका संध्याकाळी मला लोणी लागलं. पहिल्या घोटाला नाही. घोट गिळल्यावर, जिभेवर पातळ साय धरावी तसा तेलकट थर. त्याला डायअ‍ॅसिटिल म्हणतात. हेही यीस्टच्याच कामातून तयार होतं आणि वेळ मिळाला तर यीस्टच ते परत खातं. पिंप ते नळ या दरम्यानची नळी वेळच्या वेळी धुतली नाही, तर तिथे वाढणारे जिवाणूही ते तयार करतात. त्यामुळे चूक करणाऱ्याची की विकणाऱ्याची, हे मला आजही सांगता येणार नाही. टेबलावरच्या बाकी तिघांना काहीच लागलं नाही. ते मजेत होते आणि मी ग्लास बाजूला ठेवला. त्यानंतर कित्येक महिने मी प्रत्येक ग्लासात आधी दोष शोधला, आणि शोधणाऱ्याला तो सापडतोच. हा काळ घरी बियर करणाऱ्या बहुतेकांना येतो. त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते आहे.

या काळात कळलेली एक गोष्ट मात्र मी कुणालाही करून दाखवते.

[दृश्य : खिडकीची कड. दोन ग्लास, एक कापडाखाली, एक उन्हात.]

एकच बाटली. दोन ग्लास. एक झाकलेला, एक उन्हात. दहा मिनिटं थांबायचं.

आता वास घ्या. झाकलेल्या ग्लासाला माल्टचा आणि हॉप्सचा वास आहे. उन्हातल्या ग्लासाला गंधकाची एक बोचरी दुर्गंधी आली आहे. स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्याशी तिची तुलना करतात. हॉप्समधून आलेले कडू पदार्थ प्रकाशात तुटतात आणि त्यातून हे गंधकाचं संयुग तयार होतं. ते इतकं तीव्र असतं, की अब्जावधी थेंबांत त्याचे एक-दोन थेंब असले तरी नाकाला कळतात. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते. हिरवी फार थोडा अडवते, पारदर्शक तर जवळजवळ नाहीच.

हिरव्या बाटलीतल्या बियरची जी ‘खास चव’ म्हणून मी अनेक वर्षं ओळखत होते, ती या दहा मिनिटांत माझ्या खिडकीत तयार झाली. तीच बियर पुढे मी कॅनमधून प्यायले. ती वेगळीच होती, आणि मला ती जास्त आवडली. अनेकांना तो गंध हवासा वाटतो हे मला ठाऊक आहे, आणि त्यांची आवड मी खोटी मानत नाही. पण तो गंध कारखान्यात कुणी घातलेला नाही, तो दुकानाच्या दिव्याने घातला आहे.

तेव्हापासून मी लेबलाआधी तारीख बघते. हॉप्सच्या वासासाठी घेतलेली बियर सहा महिने उबेत पडून राहिली असेल, तर तिच्यातला वास गेलेलाच असतो. त्या जागी ओल्या पुठ्ठ्याची चव येते. बाटलीत शिरलेला ऑक्सिजन आणि उष्णता, दोघांचं ते काम.

[दृश्य : फ्रीजमधलं पिंप. तापमान : १० अंश.]

यानंतर मी फिकट लागर करायला घेतली. आजच्या चेकियातल्या पिल्सन गावात १८४२ साली योसेफ ग्रोल यांनी जी सोनेरी बियर पहिल्यांदा केली, तिच्या कुळातली. आज जगात सगळ्यात जास्त प्यायली जाते ती याच जातीची. मी तिला ‘पाणी’ म्हणायचे.

लागरचं यीस्ट थंडीत, ८ ते १३ अंशांत काम करतं. मी १० अंश धरले. दोन आठवडे आंबवलं, लोणी जावं म्हणून दोन दिवस १६ अंशांवर आणलं, मग शून्याच्या जवळ पाच आठवडे नुसती ठेवून दिली. काळ्या, भाजलेल्या माल्टच्या स्टाउटमध्ये लहानसहान चुका झाकून जातात. हॉप्स भरपूर घातलेल्या पेल एलमध्येही जातात. या बियरमध्ये काहीच झाकलं जात नाही. मी उकळताना पातेल्यावर झाकण अर्धं ठेवलं होतं, गॅस वाचवायला म्हणून. फिकट माल्टमधून उकळताना एक गंधकयुक्त पदार्थ सुटतो, तो वाफेबरोबर निघून जायला हवा. माझा झाकणाला लागून परत आत ठिबकला. सात आठवड्यांनी पहिला ग्लास ओतला, तर उकडलेल्या कणसाचा वास.

त्या संध्याकाळी मी कोपऱ्यात पडलेला एक साधा, स्वस्त लागरचा कॅन उघडला. कणीस नाही. लोणी नाही. सफरचंद नाही. पुठ्ठा नाही. तांदूळ किंवा मका मिसळून अंग हलकं केलेलं, कडवटपणा जेमतेम. चव थोडी आहे हे खरंच, पण जी आहे ती आरपार स्वच्छ. आणि दर वर्षी वेगळं येणारं धान्य वापरून ती दर वेळी तशीच येते. यामागे १८८३ साली डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्ग या बियर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हानसेन यांनी एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट आहे. बाटलीतला ऑक्सिजन अब्जात शंभर भागांच्याही खाली ठेवणारी यंत्रं आहेत. आणि पातेल्यावर झाकण न ठेवणारी माणसं आहेत. मी आजही ती क्वचितच घेते, मला जास्त माल्ट आणि जास्त हॉप्स हवे असतात. ‘पाणी’ हा शब्द मात्र तोंडून गेला.

जिभा अशा बदलल्या म्हणून विकतची बियरही बदलली. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरी बियर करायला केंद्राची मोकळीक मिळाली. घरी बियर करणाऱ्यांना सामान विकणारे केन ग्रॉसमन यांनी कॅलिफोर्नियातल्या चिको गावात भागीदारासोबत सिएरा नेवाडा ही ब्रुअरी काढली. तिथे १९८० पासून होणाऱ्या पेल एलमध्ये कॅस्केड जातीच्या हॉप्सचा मोसंबीवर्गी वास होता. अशी कडू, वासाची बियर लोक विकत घेतील असं मोठ्या कारखान्यांना तेव्हा वाटत नव्हतं. ग्रॉसमनना हवी तशी चव बाजारात नव्हती, ती त्यांनी आधी घरी केली होती.

[दृश्य : टेबलावर तीन ग्लास. खाली ए, बी, सी.]

आता ही चाचणी. तीन ग्लास, दोनांत एकच बियर, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसता अंदाज केला तरी तीनपैकी एकदा बरोबर येतो, म्हणून आम्ही सहा फेऱ्या करतो. माझा धाकटा भाऊ दाराआड ग्लास भरतो. एक बियर माझी, एक विकतची, दोन्ही पेल एल.

ही चाचणी मी स्वतःसाठी सुरू केली. विकतच्या बियरमधला पुसटसा दोषही पकडणारी माझी जीभ माझ्या बाटलीपुढे नरमते, असा मला संशय होता. कष्ट आठवतात, वाट पाहिलेले दिवस आठवतात, आणि नाक मवाळ होतं.

सहापैकी पाच फेऱ्यांत मी वेगळा ग्लास बरोबर ओळखला. शेवटच्या फेरीत त्याने विचारलं, कशावरून?

“बी. शेवटाला थोडा पुठ्ठा आहे. जुनी बियर आहे ही, हवा लागलेली.”

“ताई, बी तुझी आहे.”

[दृश्य : वही. हाताने लिहिलेल्या ओळी.]

त्या रात्री वहीत लिहिलं : भरताना नळी बाटलीच्या तळाला टेकवायची. वरून धार सोडायची नाही. फेस काठाशी आला की लगेच झाकण. या खेपेच्या बाटल्या आठ आठवड्यांत संपवायच्या, पुढे ठेवायच्या नाहीत.

खाली भावाने त्याच्या अक्षरात जोडलं आहे : अकरा शिल्लक.