डायनोसॉरच्या सावलीतले फोरामिनिफेरा

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय सूक्ष्म जीवाश्मांवरून हवामानाचा आणि जीवसृष्टीचा इतिहास कसा वाचतात हा. पण जीवाश्म म्हटलं की लोकांना डायनोसॉर आठवतो, ही माझी जुनी तक्रार आहे. कुठल्याही संग्रहालयात शिरा. समोर त्याचा सांगाडा, त्याच्यापुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी आणि बाहेर पडताना दुकानात रबरी डायनोसॉर. फोरामिनिफेराचं, म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म कवचधारी जीवांचं, रबरी खेळणं मी अजून कुठे पाहिलेलं नाही. म्हणजे तसा प्रयत्न एकदा झाला होता. आल्सिद दॉर्बिन्यी या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १८२६ साली या जीवांचं नामकरण केलं आणि डोळ्यांना न दिसणारी ही कवचं लोकांना दिसावीत म्हणून त्यांचे प्लास्टरचे मोठे नमुनेही केले. नमुने सुरेख होते. फक्त हे जीव ऑक्टोपसच्या गोतावळ्यातले आहेत अशी त्याची समजूत होती! पुढे १८३५ साली दुजार्दँने दाखवून दिलं की हा सगळा थाटमाट एकाच पेशीचा आहे. एक पेशी, आणि भोवती चुन्याचं कवच, त्यात एकापुढे एक वाढत जाणाऱ्या खोल्या. आमच्यापैकी बऱ्याच जणांना आयुष्यभरात एवढं बांधकाम जमत नाही.

डायनोसॉरशी माझं वैयक्तिक भांडण नाही. मुद्दा संख्येचा आहे. डायनोसॉरचा सांगाडा म्हणजे लग्नातला एक फोटो, आणि समुद्रतळाचा गाळ म्हणजे घरची रोजच्या जमाखर्चाची वही. घर कसं चाललं होतं हे फोटोवरून कळत नाही. खोल समुद्रात हजार वर्षांत दोनएक सेंटिमीटर गाळ बसतो. त्या हिशेबाने दहा मीटर लांबीच्या कोअरमध्ये, म्हणजे तळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यात, पाच लाख वर्षं मावतात. चमचाभर गाळात हजारो कवचं असू शकतात, बहुतेक अर्ध्या मिलिमीटरहून लहान. गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ब्रशाने एकेक कवच उचलायचं. नमुन्यामागे तीनशेच्या आसपास कवचं ओळखून मोजायची. हे काम करताना शिंक आली तर काय होतं ते मी सांगत नाही, सभ्य सभा आहे.

आता हे कवच मोजणं एकेकाळी कसं उडवून लावलं गेलं, ती माझी आवडती गोष्ट. विषयाला थोडी सोडून आहे, पण ऐकाच.

साल १९२१. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेची सभा. नुकतीच विद्यापीठातून बाहेर पडलेली एस्थर रिचर्ड्स, पुढे लग्नानंतर ॲप्लिन, उभी राहते आणि म्हणते की फोरामिनिफेरावरून खडकाच्या थराचं वय ठरवता येईल. तिचं बोलणं झाल्यावर एक प्राध्यापक उठले आणि भर सभेत म्हणाले की ही कालची पोरगी आपल्याला हे शिकवते आहे, आणि हे शक्य नाही हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. बसले. विषय संपला, असं त्यांना वाटलं असावं.

विषय संपला नाही, कारण तेलवाल्यांना प्राध्यापकांच्या मताशी देणंघेणं नव्हतं. टेक्सासच्या किनारपट्टीत जमिनीखालचे थर एकसारखे दिसतात, वाळू आणि चिकणमाती, पुन्हा वाळू. कुठल्या थरात आहोत हे कळायचं कसं? शिंपल्यांवरून कळलं असतं, पण खोदाईचं पातं शिंपल्यांचा चुरा करून वर पाठवतं. फोरामिनिफेरा इतके लहान की ते पात्याच्या तडाख्यातून सुटतात आणि चुऱ्याबरोबर धडधाकट वर येतात. एस्थर ॲप्लिन, ॲल्व्हा एलिसर आणि हेडविग क्निकर या तिघी वेगवेगळ्या तेलकंपन्यांत नोकरीला होत्या. एकमेकींच्या कंपन्या धंद्यातल्या प्रतिस्पर्धी, आणि या तिघींनी १९२५ साली एकत्र शोधनिबंध छापला. टेक्सास आणि लुइझियानाच्या किनारपट्टीखालचे थर त्यांनी या कवचांवरून लावून दाखवले. त्यानंतर तेलकंपन्यांत सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्यांची भरती सुरू झाली. आणि ते प्राध्यापक? त्यांनी १९३३ साली फोरामिनिफेरावर जाडजूड संदर्भग्रंथ लिहिला. मी काही बोलत नाही, तुम्ही हसलात तेवढं पुरे.

ही गोष्ट मी उगाच लांबवली नाही. या जातीनंतर ती जात, हा जो कालक्रम आज हवामानाचा इतिहास लावायला आम्ही वापरतो, त्याचा मोठा भाग तेल शोधण्यासाठी तयार झाला. ज्या कवचांनी तेल कुठे आहे ते दाखवलं, त्यांच्याकडेच आपण आता विचारायला जातो की ते तेल जाळून पुढे काय होईल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कबूल केलेल्या विषयाकडे पळतो. परागकण आणि डायटम (काचेसारख्या कवचाची सूक्ष्म शैवालं) वगळतो, त्यांची माफी मागून.

हवामान कवचातून दोन प्रकारे वाचतात. पहिला, कोण राहतंय ते पाहायचं. निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा ही डावीकडे वळण घेणारी जात ध्रुवीय थंड पाण्यातली. ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ओमानच्या किनाऱ्यापाशी वाढते ती नैऋत्य मोसमी वारे खालचं थंड, पोषक पाणी वर ओढतात तेव्हा. म्हणून अरबी समुद्राच्या गाळातलं तिचं प्रमाण मोसमी वाऱ्यांच्या जोराची खूण मानतात.

दुसरा प्रकार रसायनाचा. ऑक्सिजन हलका असतो, १६ वजनाचा, आणि थोडा जड, १८ वजनाचा. पाणी थंड असेल तर कवचात जड ऑक्सिजन किंचित जास्त बसतो. ही कल्पना १९४७ साली हॅरॉल्ड युरी यांनी मांडली आणि १९५५ साली चेझारे एमिलियानी यांनी समुद्रतळाच्या गाळातल्या, पण जिवंतपणी पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या जातींच्या कवचांवर चालवून हिमयुगांची तापमानं काढली. पण मेख अशी की हिमयुगात हलका ऑक्सिजन बर्फात अडकून पडतो आणि समुद्राचं पाणीच जड होतं. मग कवच थंडी सांगतंय की बर्फ? निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ साली तळावर राहणारी कवचं तपासली. तळाचं पाणी आजच गोठण्याच्या जवळ आहे, हिमयुगात ते आणखी कितीसं थंड होणार? तरीही फरक जवळजवळ तेवढाच निघाला. म्हणजे एमिलियानींच्या आलेखातला मोठा वाटा बर्फाचा होता. सबंध विषयात याहून देखणा युक्तिवाद मला माहीत नाही. आता कवचातलं मॅग्नेशियम मोजून तापमान वेगळं काढतात आणि उरलेला फरक बर्फाच्या खात्यात टाकतात.

यातूनच १९७६ साल आलं. हेज, इंब्री आणि शॅकल्टन यांनी दक्षिण हिंदी महासागरातल्या दोन कोअरमध्ये साडेचार लाख वर्षं तपासली आणि सुमारे एक लाख, बेचाळीस हजार आणि तेवीस हजार वर्षांच्या लयी दाखवल्या. मिलांकोविच यांनी पृथ्वीच्या कक्षेतल्या संथ बदलांवरून हिमयुगांचं जे गणित मांडलं होतं, त्याला पुरावा मिळाला. पुरावा कशाचा? फोरामिनिफेरातला ऑक्सिजन आणि रेडिओलारिया या दुसऱ्या सूक्ष्म एकपेशी जीवांची मोजणी.

शेवटची दोन मिनिटं जीवसृष्टीसाठी. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी अशनी आदळला तेव्हा पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या फोरामिनिफेराच्या जवळजवळ सगळ्या जाती संपल्या, आणि खोल तळावरच्या बहुतेक तगल्या. सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हवेत आणि समुद्रात कार्बन ओतला गेला, पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली, तेव्हा नेमकं उलटं झालं. तरंगणाऱ्यांनी जागा बदलून निभावलं आणि तळावरच्या तीस ते पन्नास टक्के जाती गेल्या. पहिला घाव वरून आला, दुसरा पाण्यातूनच खोलवर उतरला. कोण मेलं एवढंच न बघता कुठल्या खोलीवरचं मेलं ते बघा, कारणाचा माग तिथे लागतो. हे डायनोसॉर सांगू शकत नाही.

तो कार्बन किती वर्षांत आला, आजच्या वेगाशी तुलना कशी करायची, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. अडचण अशी की त्या काळी समुद्र आम्लाकडे झुकला आणि तळावरची चुन्याची कवचं विरघळली. दक्षिण अटलांटिकमधल्या वॉल्व्हिस या समुद्राखालच्या डोंगररांगेवरच्या कोअरमध्ये पांढऱ्या गाळात मधेच गडद मातीचा पट्टा दिसतो, कवचांशिवाय. जिथे साक्ष सगळ्यात जास्त हवी तिथलीच पानं गेली आहेत. आजचा वेग त्याहून जास्त आहे असं बहुतेकांचं मत आहे, पण तो कार्बन यायला नेमकी किती हजार वर्षं लागली यावर आमच्यात अजून वाद चालू आहेत, आणि ते बरेच मोठ्या आवाजात.